नेट कुणी बिघडवलं?

दोस्तांनो, आज तुम्हाला एका खटल्याची गोष्ट सांगते. खटला आमच्या घरातच चालला. आरोपी होता आमचा धाकटा, वय वर्षे बारा. फिर्यादी मी, साक्षीदार मी आणि न्यायाधीशही मीच! आता तिन्ही खुर्च्यांवर एकच माणूस बसल्यावर निकाल काय लागणार, ते तुम्हीच ओळखा. "तूच काहीतरी केलं असशील!" हे वाक्य घरात कधीच ऐकलं नाही, असं एक तरी मूल मला दाखवा. म्हणून ही गोष्ट तुमच्याच साप्ताहिकात लिहायची असं ठरवलं. मोठ्यांच्या मासिकात कबुली द्यायची म्हणजे जरा लाज वाटते, बरं का!

गोष्ट २०२१ सालच्या जूनमधली. करोनामुळे शाळेच्या इमारतीला कुलूप, पण शाळा मात्र चालू, असे ते दिवस होते. आम्ही साताऱ्यात राहतो. घर जुनं, जाड भिंतींचं. पुढच्या खोलीच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो. त्याच खिडकीखाली टेबल आणि टेबलावर आमचा कॉम्प्युटर. २०१३ साली घेतलेला, म्हणजे तेव्हा आठ वर्षांचा झालेला. टेबलाखाली त्याचा लोखंडी खोका. त्याला घरात सगळे 'डबा' म्हणतात.

घरात माणसं पाच. आजी, मुलांचे बाबा, दहावीतली थोरली, सातवीतला धाकटा आणि मी. धाकट्याचा वर्ग सकाळी आठला कॉम्प्युटरवर. थोरलीचा अकराला माझ्या मोबाइलवर. दुपारी थोरली कॉम्प्युटरवर आपल्या नोट्स टाइप करी, मग मी थोडं माझं काम करी, आणि रात्री नऊ ते दहा धाकटा. असं आमचं वेळापत्रक.

शाळा सुरू झाली आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी घोटाळा झाला. कॉम्प्युटर चालू, राउटरचे दिवे लुकलुकताहेत, पण वर्गाचं पान काही उघडेना. पांढऱ्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी चिडकं वाक्य यायचं. मी ते बंद करायची, पुन्हा उघडायची, पुन्हा तेच. तिकडे पोळ्या करपत होत्या. धाकटा म्हणाला, "आई, त्यात घड्याळाचं काहीतरी लिहिलंय."

"घड्याळ मलाही दिसतंय! आठ वाजून पाच झालेत. मोबाइल घे आणि बस!"

हे माझं वाक्य लक्षात ठेवा. पुढे ते मला फार महागात पडलं.

दुपारी मी कॉम्प्युटर उघडला तर नेट अगदी सुरळीत. संध्याकाळी सुरळीत. रात्री सुरळीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पुन्हा ठणठणपाळ! तिसऱ्या दिवशी तेच. धाकटा बिचारा मोबाइलच्या वीतभर पडद्यावर डोळे बारीक करून गणितं बघायचा. फळ्यावरचा वर्गमूळाचा अंक त्याला दिसत नसे, आणि बाई विचारत, "लक्ष कुठे आहे?"

मग मी दुरुस्तीला लागले. नेट कंपनीला फोन केला. पलीकडून सांगितलं, राउटर बंद करा, अर्धा मिनिट थांबा, चालू करा. केलं. केबल बदलली. राउटर कपाटावरून खिडकीत आणला. कॉम्प्युटरमधले दोन-तीन प्रोग्रॅम नको म्हणून काढून टाकले. हे सगळं एका दुपारी, एका दमात! आणि नेट चालू झालं. मी हात झटकले. पण यातल्या कशानं चालू झालं? ते देवालाच ठाऊक. दुसऱ्या सकाळी पुन्हा बंद. शेवटी सोळाशे रुपये खर्चून नवा राउटर आणला. नव्या राउटरचे दिवे जास्त सुंदर होते. बाकी फरक शून्य.

आता मोबाइल त्याच राउटरवर चालत होता. म्हणजे नेट घरापर्यंत, घराच्या आतपर्यंत येत होतं. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात यायला हवी होती की नाही? आली नाही. कारण मी कारण शोधतच नव्हते, दोस्तांनो. मी माणूस शोधत होते.

आणि माणूस सापडला. रात्री शेवटी कॉम्प्युटरवर कोण बसतं? धाकटा. सकाळी बिघडलेला सापडतो, म्हणजे रात्री बिघडवला. झालं!

"तू रात्री कसले गेम उतरवून घेतोस? त्यातूनच व्हायरस येतो."

"मी काही उतरवत नाही. मी बुद्धिबळ खेळतो."

"गेम तो गेम. आजपासून रात्री कॉम्प्युटर बंद."

तो रविवार होता. तो काही बोलला नाही. चपला घालून अंगणात जाऊन बसला.

आता नशिबाचा खेळ बघा. त्याच रविवारी दुपारी आजी आत्याकडे राहायला गेल्या. आत्याचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. तिचा हात मोडला होता, म्हणून आजी आठ दिवस मदतीला गेल्या. आणि सोमवारी सकाळी आठ वाजता वर्गाचं पान पट्कन उघडलं! मंगळवारी उघडलं. बुधवारी उघडलं. आठच्या आठ दिवस नेट सुरळीत!

मला तर विजयाचा आनंद झाला. माहेरी फोन करून सांगितलं, शेजारी सांगितलं, "त्याचा गेम बंद केला आणि कॉम्प्युटर सुधारला बघा." धाकटा समोर असताना सांगितलं. तो मान खाली घालून पेन्सिलीला टोक करत बसायचा. त्या आठवड्यात त्यानं बहुतेक सगळ्या पेन्सिली संपवल्या.

मला तेव्हा माहीत नव्हतं, ते आता सांगून टाकते. त्याचा बाकावरचा जोडीदार होता ना, त्याच्या बाबांची बदली नागपूरला झाली होती. शाळा बंद असतानाच ते कुटुंब गेलं, नीट निरोपसुद्धा झाला नाही. दोघांनी ठरवलं होतं, रोज रात्री नऊला एक डाव खेळायचा. आमच्या धाकट्याकडे स्वतःचा मोबाइल नाही. त्यामुळे तो डाव म्हणजेच त्यांची भेट. हिशेबही ठेवला होता : एकेचाळीस डाव ह्यानं जिंकलेले, अडतीस त्यानं. मी बंदी घातली त्या रात्री तो मुलगा तिकडे अर्धा तास वाट बघत बसला होता. "मला सांगायचंस ना," असं मी नंतर म्हटलं, तर उत्तर आलं, "तू विचारलंच नाहीस."

पुढच्या सोमवारी संध्याकाळी आजी परत आल्या. आणि मंगळवारी सकाळी आठला नेट गायब!

धाकट्यानं नऊ दिवसांत कॉम्प्युटरला रात्रीचा हात लावला नव्हता. त्यानं माझ्याकडे नुसतं बघितलं. आणि खरं सांगते, माझा पुरावा असा धाडकन कोसळला तरी मी काय विचारलं असेल? "रात्री चोरून बसला होतास का?"

त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. थोरली आतून ओरडली, "आई! तो माझ्या शेजारी झोपला होता. घोरत होता!"

तेव्हा कुठे मी गप्प बसले.

पेठेत कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक दादा आहे. त्या दिवसांत तो कुणाच्या घरी जात नव्हता, पण फोनवर सांगत असे. त्याला फोन लावला. त्यानं तीन प्रश्न विचारले. नेट फक्त कॉम्प्युटरवर बंद आहे की मोबाइलवरही? एकच पान उघडत नाही की सगळीच? आणि हे कधीपासून, त्याच्या आसपास घरात काय बदललं?

"काहीच बदललं नाही," मी म्हटलं.

तो हसला. "ताई, काही बदललं नाही असं नसतं. बदललेलं आपल्याला माहीत नसतं. मुलाला द्या फोन."

मग त्यानं धाकट्याकडून एक गंमत करून घेतली. ती तुम्हीही घरी करून बघा, कशालाच अपाय होत नाही. कॉम्प्युटरवर काळ्या पडद्याची एक खिडकी उघडता येते. तिच्यात 'पिंग' हा हुकूम इंग्रजीत टाइप करायचा आणि पुढे कुणाचा तरी पत्ता. पिंग म्हणजे अंगणात उभं राहून "ओ!" अशी हाक मारायची आणि उलट "ओ!" येते का ते ऐकायचं. उत्तर यायला किती वेळ लागला, तेही सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजून दाखवतो.

पहिली हाक स्वतःलाच : १२७.०.०.१. हा पत्ता म्हणजे प्रत्येक कॉम्प्युटरचा 'मी'. उत्तर आलं. दुसरी हाक घरातल्या राउटरला : आमच्याकडे १९२.१६८.१.१, तुमच्याकडे आकडे थोडे वेगळे असतील. उत्तर आलं. म्हणजे घरातली केबल ठीक. तिसरी हाक घराबाहेर, दूरवर : ८.८.८.८. हा गूगलचा पत्ता आहे, आणि लक्षात ठेवायला सोपा म्हणून जगभर लोक त्यालाच हाक मारून बघतात. उत्तर आलं. म्हणजे बाहेरची लाइनही ठीक. चौथी हाक आकड्यांनी नाही, नावानं. कारण आपण साइटचं नाव लिहितो, पण कॉम्प्युटरला आकड्यांचा पत्ता लागतो. नावावरून आकडा शोधून देणारी एक टेलिफोन डिरेक्टरी नेटवर असते, तिला डीएनएस म्हणतात. ती बिघडली की तिसऱ्या हाकेला उत्तर येतं आणि चौथीला येत नाही. आमच्याकडे चौथीलाही आलं!

बघितलंत? चार हाकांत चार दारं तपासून झाली. ज्या दारापाशी आवाज थांबेल, तिथेच बिघाड. मी सोळाशे रुपये ज्या दारावर खर्च केले होते ते दुसरं दार, आणि ते पहिल्यापासून सताड उघडं होतं. (जाता जाता आणखी एक खूण सांगते. तुमच्या कॉम्प्युटरचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ नं सुरू होताना दिसला, तर समजा की राउटरनं त्याला पत्ता दिलेलाच नाही आणि त्यानं बिचाऱ्यानं स्वतःच एक मनानं घेतलाय. मग केबल आणि राउटर बघा.)

दादा म्हणाला, "रस्ता साफ आहे. लफडं डब्यातच आहे. आता एक वही करा. चार दिवस कॉम्प्युटरला कुणी काय केलं, ते वेळ टाकून लिहायचं. चांगलं-वाईट नाही, फक्त काय केलं आणि काय दिसलं. कितीही किरकोळ असलं तरी. आणि मध्ये काही दुरुस्त करायला जाऊ नका!"

हे शेवटचं खास माझ्यासाठी होतं.

वही टेबलाला दोरीनं बांधली. पहिल्या दिवशी सगळ्यांनी थट्टाच केली. मुलांच्या बाबांनी लिहिलं, "सकाळी ७.१० – कॉम्प्युटरकडे बघितलं." पण दोन दिवसांत वही भरू लागली. आणि शुक्रवारी रात्री जेवणं झाल्यावर धाकट्यानं ती मोठ्यानं वाचली :

"गुरुवार, रात्री १०.१० – सगळी बटणं बंद केली. – आजी.

शुक्रवार, सकाळी ८.०० – पान उघडत नाही. लिहिलंय, तुमचं घड्याळ मागे आहे. – धाकटा.

दुपारी १.३० – तारीख परत १ जानेवारी २०१३ झाली होती. नीट केली. – थोरली.

दुपारी २.१५ – नेट आपोआप सुरू. – आई."

'आपोआप' वाचताना तो थांबला. थोरलीनं त्याच्याकडे बघितलं, त्यानं थोरलीकडे. आणि दोघं एकदम ओरडली, "तारीख!"

अहो, थोरली रोज दुपारी कॉम्प्युटरची तारीख सुधारत होती! तिच्या फायली तारखेप्रमाणे लावलेल्या असतात, आणि २०१३ पडलं की नवी फाइल तळाला जाऊन बसते. म्हणून वैतागून ती रोज तारीख बदलायची आणि टाइप करायला लागायची. नेट बंद आहे हे तिला माहीतच नव्हतं, तिचा वर्ग मोबाइलवर झालेला असायचा. आणि तारीख चुकते हे मला माहीत नव्हतं. धाकट्यानं तर पहिल्याच दिवशी पडद्यावरचं वाक्य वाचून मला सांगितलं होतं. उत्तर त्या वाक्यात लिहिलेलं होतं. मी ते न वाचता रोज बंद करत होते.

आणि आजी? आमच्या आजींचा नियम आहे. जूनमध्ये पहिला गडगडाट झाला की रात्री निजायच्या आधी घरातलं एकूण एक बटण बंद करायचं. बऱ्याच वर्षांपूर्वी परसातल्या नारळावर वीज पडली होती आणि घरातला टीव्ही जळाला होता. तेव्हापासून. यात त्यांचं काडीइतकंही चुकत नव्हतं. वीज कडाडायला लागण्याआधीच टीव्ही-कॉम्प्युटरचे प्लग काढून ठेवणंच शहाणपणाचं. पण त्या आत्याकडे गेल्या आणि बटणं चालू राहिली. त्या परत आल्या आणि बटणं बंद झाली. मी मात्र त्याच रविवारी बंदी घातली होती. एका दिवशी दोन गोष्टी बदलल्या, आणि त्यातली मला जी दिसली तिच्या गळ्यात मी दोरी बांधली!

पण बटण बंद केल्यानं तारीख का जावी? ती गंमत दादानं सांगितली. डब्याच्या आत मुख्य पाटीवर, म्हणजे मदरबोर्डवर, एक बारकं घड्याळ असतं. कॉम्प्युटर बंद असला तरी ते चालू राहतं. भिंतीवरचं बटण चालू असेल तर त्याला तिथून थोडी वीज मिळते. बटण बंद झालं, वीज गेली, की ते एका रुपयासारख्या दिसणाऱ्या सेलवर चालतं. ह्या सेलचं नाव सीआर २०३२. नावातच माप आहे : २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. दाब ३ व्होल्ट. काही वर्षं तो इमानानं चालतो आणि मग संपतो. आमचा संपला होता. त्यामुळे आजींनी बटण दाबलं की घड्याळ झोपायचं आणि सकाळी जागं होऊन म्हणायचं, आज १ जानेवारी २०१३!

बरं, तारीख चुकली तर चुकली, नेटला काय त्याचं? मलाही हाच प्रश्न पडला होता. त्याचं असं आहे. शाळेची किंवा बँकेची साइट उघडताना, ही खरीच तीच साइट आहे की कुणी सोंग घेऊन बसलंय, हे कॉम्प्युटर तपासतो. त्यासाठी प्रत्येक साइटकडे एक प्रमाणपत्र असतं. ते तुमच्या एसटीच्या पासासारखं. त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असतं. आता कंडक्टरच्या हातातलं कॅलेंडर २०१३ चं, आणि पासावर लिहिलंय २०२१ पासून. तो म्हणणार, हा पास अजून सुरूच झालेला नाही, उतरा खाली! आमचा कॉम्प्युटर तेच करत होता. तो बिघडलेला नव्हता. उलट फारच प्रामाणिकपणे राखण करत होता. कॉम्प्युटर नेटवरून वेळ विचारून घेऊ शकतो हे खरं, पण फरक आठ वर्षांचा पडल्यावर आमचा तरी आपणहून काही सुधारत नव्हता.

मी लगेच पर्स काढली. "चला, सेल आणू."

"नाही," धाकटा म्हणाला. "आधी तपासायचं."

"अरे, कळलं ना आता!"

"तुला मागेपण कळलं होतं."

काय बोलणार? गप्प बसले.

त्यानं आजींना सांगितलं, आज घरातली सगळी बटणं बंद कर, फक्त डब्याचं राहू दे. बाकी काही बदलायचं नाही. शनिवारी सकाळी तारीख बरोबर, पान उघडलं. शनिवारी रात्री डब्याचंही बटण बंद. रविवारी सकाळी २०१३! रविवारी रात्री बटण चालू. सोमवारी सगळं ठीक. आणि मध्ये शनिवारी दुपारी साडेतीन ते पावणेपाच वीज गेली होती, त्यानंतर पाच वाजताही तारीख गेलेलीच सापडली. म्हणजे सकाळचा आणि बिघाडाचा काही संबंध नव्हता, रात्रीचा नव्हता, बुद्धिबळाचा तर नव्हताच. हे सगळं वहीत आहे, त्याच्या गिचमिड अक्षरात.

मग चाळीस रुपयांचा सेल आणला. दादा फोनवर सांगत होता आणि धाकटा करत होता. मी नुसती टॉर्च धरून उभी. आधी प्लग काढला. डब्याच्या लोखंडाला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली. झाकण उघडलं. आत आठ वर्षांची धूळ! सेलच्या कडेची बारीक पट्टी नखानं दाबली, टक्कन सेल वर आला. नवा बसवला, अक्षरांची बाजू वर. तारीख एकदा बरोबर लावली. बास. (घरात लहान बाळ असेल तर असा सेल चुकूनही इकडेतिकडे टाकू नका. बाळानं गिळला तर फार गंभीर प्रसंग ओढवतो.)

असलं आमच्याच घरी घडतं असं समजू नका हं. ब्रिटनमध्ये वेल्स भागात अॅबरहोसन नावाचं एक छोटं गाव आहे. तिथे दीड वर्ष रोज सकाळी सातला सगळ्या गावाचं इंटरनेट कोलमडायचं. कंपनीचे लोक आले, तपासून गेले, केबलसुद्धा बदलून झाली. काही उपयोग नाही. शेवटी २०२० साली इंजिनियर भल्या पहाटे सहाला पावसात यंत्र घेऊन गावभर फिरले. बरोबर सातला यंत्रानं विजेचा एक मोठा खरखराट पकडला. त्याचा माग काढत गेले तर एका घरातला जुना, सेकंडहँड टीव्ही! घरचा माणूस रोज सातला तो लावायचा. तो खरखराट सगळ्या गावाच्या नेटला आडवा येत होता. त्या माणसाला याची कल्पनाही नव्हती. कळल्याबरोबर तो शरमून गेला आणि टीव्ही पुन्हा लावणार नाही असं त्यानं कबूल केलं. मला वाटतं, त्याला त्या दिवशी कुणी रागावलं नसावं. रोज सातला काय घडतं एवढंच ते शोधत होते.

आणि वहीचं म्हणाल तर तीही काही आमची युक्ती नाही. १९४७ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क टू या अवाढव्य कॉम्प्युटरमध्ये बिघाड झाला. शोधता शोधता आत एक पतंग अडकलेला सापडला. तिथल्या लोकांनी तो फेकला नाही. नोंदवहीत तारखेखाली चिकटपट्टीनं चिकटवून टाकला. ते पान आजही तिकडे वॉशिंग्टनच्या संग्रहालयाकडे जपलेलं आहे.

मी ही पतंगाची गोष्ट धाकट्याला सांगितली, तर तो म्हणाला, "मग आपणही चिकटवू." जुना सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीत गुंडाळून त्यानं वहीत लावला. आणि वही तशीच उघडी ठेवून पेन माझ्यापुढे धरलं.

"काय लिहू?"

"जे केलंस ते. वेळ टाकून."

आता मला सांगा, मोठ्या माणसांना 'माझं चुकलं' म्हणायला किती जड जातं ते तुम्हाला ठाऊक आहेच. आम्ही काय करतो? आवडीची भाजी करतो, जवळ घेतो, खाऊ आणतो, पण ते दोन शब्द तेवढे तोंडातून निघत नाहीत. मीही त्या सकाळी साबुदाण्याची खिचडी करून ठेवलीच होती. ती त्यानं खाल्ली, आणि तरी पेन पुढे धरलं. मी बसले आणि लिहिलं :

"रविवार ते सोमवार, आठ दिवस – धाकट्यावर संशय घेतला. न तपासता. शेजारी सांगितला. माझं चुकलं. – आई."

त्यानं वाचलं. 'मंगळवारी पुन्हा एकदा' एवढं त्यानं खाली स्वतःच्या अक्षरात घातलं. बरोबरच होतं. ते मी वगळलं होतं. मग मी शेजारी गेले आणि जिथे जिथे सांगितलं होतं तिथे तिथे खरी गोष्ट सांगून आले. हे वहीत लिहायची वेळ आली नाही, कारण तो बरोबरच आला होता!

ती वही अजून आहे. तिच्यात पुढे पुष्कळ भर पडली. स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह चालू असला की मोबाइलचं वायफाय रडतं, कारण मायक्रोवेव्हच्या आणि वायफायच्या एका प्रकारच्या लहरी साधारण एकाच जातीच्या, २.४ गिगाहर्ट्झच्या. हा शोध थोरलीचा. राउटर लोखंडी कपाटावरून हलवला तेव्हा आतल्या खोलीत नेट पोचलं, हा शोध मुलांच्या बाबांचा. केबल उंदरानं कुरतडली, हा शोध मांजराचा म्हणायला हरकत नाही. माझ्या नावावर अजून एकही शोध नाही.

त्या सोमवारी रात्री नऊला धाकटा पुन्हा कॉम्प्युटरवर बसला. नागपूरचा मित्र आला असेल की नाही, आम्हाला सगळ्यांनाच धाकधूक. दोन मिनिटं झाली, तीन झाली. आणि पडद्यावर समोरच्याचं पहिलं प्यादं दोन घरं पुढे सरकलं. धाकटा तो डाव हरला. एकेचाळीस – एकोणचाळीस. इतका खूश होऊन हरणारा मुलगा मी पहिल्यांदाच बघितला.

दहाला आजी नेहमीप्रमाणे बटणं बंद करत आल्या. बाहेर किल्ल्याच्या बाजूला ढग गुरगुरत होते. डब्याच्या बटणापाशी त्या थबकल्या.

"काय रे, हे करू का आता बंद?"

"कर की आजी. नवा सेल आहे. पण वहीत लिही."

आजींनी चष्मा शोधला, टेबलाशी बसल्या, आणि सावकाश, एकेक अक्षर काढत लिहिलं, "रात्री १०.०५ – सगळी बटणं बंद."